नायट्याचे बदललेले रूप

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस खाम नदी ओलांडली की छावणीची हद्द लागते. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेली ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई या ठाण्यांप्रमाणेच औरंगाबाद येथेही मुक्कामास असे. १९०३ मध्ये ती हिंदी सैन्यात विलीन झाली. देशभरच्या अशा छावण्यांतून राहणाऱ्या गोऱ्या अंमलदारांना आणि शिपायांना येथील हवेत एक व्याधी वारंवार जडत असे. उकाडा वाढला, घाम येऊ लागला की जांघेत खाज सुटे, लालसर कडा असलेले गोल चट्टे उठत आणि ते दिवसेंदिवस पसरत जात. या व्याधीला त्यांनी ‘धोबी इच’, म्हणजे धोब्याची खाज, असे नाव दिले. आपले कपडे धोब्याकडे जातात, तेथे ते इतरांच्या कपड्यांत मिसळतात आणि तेथून ही खाज परत येते, असा त्यांचा समज होता. पुढे हे नाव इंग्रजी वैद्यकीय ग्रंथांतही जाऊन बसले.

या नावात अर्धे सत्य होते आणि अर्धा अन्याय होता. कपड्यांवाटे ही बाधा पसरते, हे खरे; परंतु ती धोब्याच्या घाटावर जन्मास येत नाही. ती एकाच्या अंगावरून कपड्यात उतरते आणि कपड्यातून दुसऱ्याच्या अंगावर चढते. बराकीत शेजारी शेजारी झोपणाऱ्या शिपायांनी ती एकमेकांना दिली असणार आणि दोष मात्र धुणाऱ्यावर आला असणार. इंग्रजांची ही ‘धोब्याची खाज’ म्हणजेच आपल्याकडील नायटा. कोणी त्याला गजकर्ण म्हणतात, मराठवाड्यात अनेक जण दाद म्हणतात.

नायटा हा काही आजचा रोग नव्हे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणाऱ्या टाकळ्याला संस्कृतात ‘चक्रमर्द’, म्हणजे गोल चट्ट्यांचा नाश करणारा, असे नाव आहे. यावरून ही व्याधी आपल्या पूर्वजांच्या किती परिचयाची होती ते ध्यानात येते. सरकारी दवाखान्यांतून या रोगावर दीर्घकाळ व्हिटफील्डचे मलम देण्यात येत असे. सॅलिसिलिक आणि बेंझोइक आम्लांचे हे मलम आग करी, कपड्यांना लागे, परंतु नेटाने लावल्यास बहुतेकांचा नायटा जाई. नायट्यासाठी कोणाला शहराच्या मोठ्या रुग्णालयात जाण्याची वेळ सहसा येत नसे.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र ही स्थिती पार पालटली आहे. त्वचारोग विभागांच्या बाह्यरुग्ण कक्षांत नायट्याचे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले आहेत. पूर्वी चट्टा एखाद-दुसरा असे. आता जांघ, कंबर, पाठ, नितंब, कधी चेहरादेखील व्यापलेला असतो. दोन ते चार आठवड्यांत बरा होणारा रोग महिनोन्‌महिने हटत नाही, बरा झाला असे वाटते तोच पुन्हा उद्भवतो. आणि रुग्णास विचारले की बहुधा असे कळते की घरात आणखी कोणाला तरी हाच त्रास आहे. हे असे का झाले, याचे उत्तर एका बाजूस बुरशीत आणि दुसऱ्या बाजूस औषधाच्या दुकानातील एका लहानशा ट्यूबमध्ये सापडते.

बुरशीचे अन्न

माणसाच्या एखाद्या रोगामागे बुरशी असू शकते, हे प्रथम ज्यांनी दाखवून दिले त्यांत पॅरिसमध्ये वैद्यकी करणारे डेव्हिड ग्रुबी यांचे नाव अग्रभागी येते. डोक्याच्या खपल्यांत त्यांना १८४१ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे आढळले. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत सर्वमान्य होण्यास त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली.

नायट्याची बुरशी केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, केस आणि नखे या प्रथिनाची बनलेली असतात. ही बुरशी या थराखाली सहसा उतरत नाही. म्हणून नायट्याने जीव जात नाही. ती मध्यबिंदूपासून बाहेरच्या दिशेने पसरत जाते, मधला भाग निवळू लागतो आणि कड मात्र लाल, उंचावलेली, खवलेदार राहते. नायट्याला कडे किंवा चक्रासारखा आकार येतो तो यामुळे. शिब्यांचे पांढुरके डाग, इसब, खरूज आणि पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या यांच्याशी नायट्याची गल्लत होऊ शकते. चिखल्यांच्या मुळाशी कधी कधी हीच बुरशी असते. खरूज मात्र किड्यामुळे होते आणि तिचे औषध सर्वस्वी वेगळे आहे.

कडेवरचे जे खवले गळून पडतात, त्यांत बुरशीचे बीजाणू असतात. प्रसाराचे सारे रहस्य या बीजाणूंत आहे. डोळ्यांना न दिसणारे हे कण टॉवेल, चादर, अंतर्वस्त्रे, गादी, सतरंजी यांवर पडून राहतात आणि अनुकूल परिस्थितीत कित्येक आठवडे, कधी महिनेही, जिवंत राहू शकतात. नुसते चिकटल्याने बाधा होतेच असे नाही. कोरड्या, धडधाकट त्वचेवर पडलेला कण बहुधा तसाच झडून जातो. परंतु जेथे त्वचेला त्वचा घासते, जेथे घाम साचतो, कपडा घट्ट आवळलेला असतो, तेथे त्याला रुजण्यास वाव मिळतो, आणि साधारणतः एक ते तीन आठवड्यांत चट्टा दिसू लागतो. म्हणूनच दिवसभर घट्ट जीन घालून दुचाकीवर फिरणारा तरुण, वाळूज वा चिकलठाण्याच्या कारखान्यात जाड गणवेश घालून भट्टीपाशी उभा राहणारा कामगार आणि चुलीपुढे ओल्या साडीत तासन्‌तास काम करणारी गृहिणी या तिघांनाही हा रोग सारख्याच सहजतेने गाठतो. मधुमेह असलेल्यांना त्याचा उपद्रव अधिक.

हा घाणेरड्या माणसाचा रोग आहे, अशी एक समजूत आहे. ती चुकीची तर आहेच, शिवाय अपायकारक आहे. दिवसातून दोनदा स्नान करणाऱ्या माणसालाही, त्याने अंग नीट कोरडे न करता कपडे चढविले, तर नायटा होऊ शकतो.

जनावरांपासूनही नायटा होतो, हे पशुपालकांना ठाऊक असते. छावणीतील जनावरांच्या बाजारात किंवा कोणत्याही आठवडी बाजारात वासरांच्या डोळ्यांभोवती व मानेवर करड्या, जाड खपल्यांचे गोल डाग पाहावयास मिळतात. तो गुरांचा नायटा होय. तो गुराख्याच्या हाताला लागू शकतो. मांजराच्या पिलापासूनही मुलांना एका वेगळ्या बुरशीची बाधा होते. परंतु जनावरांकडून आलेला नायटा माणसामाणसांत फारसा दूरवर जात नाही. आज ज्या नायट्याने डोके वर काढले आहे, त्याचे तसे नाही. त्याला माणसाचे अंगच मानवले आहे.

भारताचे नाव लागलेली बुरशी

२०२० साली जपानमधील संशोधकांनी दोन रुग्णांच्या नायट्यातून मिळालेल्या बुरशीचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण जपानमध्ये राहत असले तरी त्यांपैकी एक मूळचा भारतातील व दुसरा नेपाळमधील होता. ही बुरशी एक स्वतंत्र जाती आहे असे ठरवून संशोधकांनी तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ असे नाव दिले. त्यापूर्वी ती आपल्या जवळच्या जातींतच गणली जात असे. भारतातील चिवट नायट्यांच्या साथीमागे प्रामुख्याने हीच बुरशी असल्याचे आता दिसून आले आहे. एखाद्या रोगजंतूच्या नावात देशाचे नाव यावे, हे कोणालाही भूषणावह वाटणार नाही. परंतु त्या नावावर चिडण्यापेक्षा त्यामागची वस्तुस्थिती समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

वस्तुस्थिती अशी. १९९० च्या दशकापासून नायट्यावर टर्बिनाफीन हे औषध जगभर वापरात आले आणि ते फार गुणकारी ठरले. बुरशीच्या पेशीभोवती जे आवरण असते, त्यासाठी एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. हा पदार्थ तयार करणाऱ्या साखळीतील एका विकरावर टर्बिनाफीन जाऊन बसते आणि ते काम बंद पाडते. मग आवरण बनत नाही व बुरशी मरते. २०१८ मध्ये दिल्ली व चंदीगड येथील संशोधकांनी असे दाखवून दिले की, भारतीय रुग्णांकडून मिळालेल्या अनेक नमुन्यांत या विकराच्या घडणीतच बदल झालेला आहे. प्रथिनाच्या लांबलचक माळेत ३९७ व्या जागी जो मणी असावयास हवा त्याऐवजी दुसराच मणी ओवला गेला आहे. एवढ्याशा बदलाने औषधाला बसावयास जागा उरत नाही. किल्ली तीच राहिली, कुलूप मात्र बदलले.

हा बदल आपल्याकडेच एवढा का रुजला, या प्रश्नाचे उत्तर देताना तज्ज्ञ अनेक कारणे सांगतात : दाट वस्ती, उष्ण व दमट हवा, कृत्रिम धाग्यांचे घट्ट कपडे, अपुऱ्या मात्रेत व अपुऱ्या मुदतीपर्यंत घेतलेले औषध. परंतु त्या यादीत एक कारण पुनःपुन्हा अग्रभागी येते. ते म्हणजे स्टेरॉइडमिश्रित मलमांचा सर्रास वापर.

दुकानातील ट्यूब

नायटा हा बहुधा लाजेच्या जागी होतो. जांघेतील खाज दाखविण्यासाठी डॉक्टरांपुढे कपडे बाजूला करावयास पुरुषही संकोचतो. स्त्रियांचे तर विचारावयासच नको. मग माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि हलक्या आवाजात “खाजेवर काही तरी द्या” एवढेच म्हणतो. दुकानदार एक ट्यूब काढून देतो. या ट्यूबमध्ये बहुधा तीन-चार औषधे एकत्र केलेली असतात : एक बुरशीनाशक, एक-दोन जिवाणूनाशके आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन यांसारखे एखादे प्रबळ स्टेरॉइड. आजार कोणताही असो, या गोळीबारात काही तरी लागेलच, असा त्यामागचा हिशेब.

हे मलम लावताच खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते. रुग्णाला वाटते, रामबाण औषध मिळाले. वास्तविक त्वचेने बुरशीविरुद्ध जो लढा चालविलेला असतो, त्याचीच खूण म्हणजे ती लाली आणि ती खाज. स्टेरॉइडने हा लढा दाबला जातो. बुरशी मात्र जागच्या जागी राहते, आणि विरोध संपल्यामुळे निवांत पसरते. मलम थांबविले की आठ-पंधरा दिवसांत ती दुप्पट जागा व्यापून पुन्हा प्रकटते. माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. असे सहा महिने, वर्षभर चालते. चक्राची स्पष्ट कड पुसली जाते, एकात एक अशी वर्तुळे उठतात, आणि हा नायटाच आहे की आणखी काही, हे ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड होऊन बसते. ‘ओळख लपविलेला नायटा’ या अर्थाचे एक नाव वैद्यकशास्त्रात १९६८ पासून रूढ आहे. त्या काळी तो अपवाद होता. आज आपल्याकडे तो नेहमीचा झाला आहे.

स्टेरॉइडचे स्वतःचे दुष्परिणाम आणखी वेगळे. त्वचा कागदासारखी पातळ होते. मांड्यांवर व काखेत रुंद, लालसर चिरा पडतात, आणि या चिरा पुढे कायमच्या राहतात. अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींच्या अंगावर अशा चिरा पाहिल्या म्हणजे, एका साध्या नायट्याची ही केवढी किंमत, असे वाटल्यावाचून राहत नाही. लहान बालकाच्या अंगावर असे मलम दीर्घकाळ चोळले तर ते त्वचेवाटे रक्तात जाऊन त्याच्या वाढीलाही अपाय करू शकते.

येथे कायद्याची बाजू थोडी पाहिली पाहिजे, कारण पंचायत सदस्यांना व अधिकाऱ्यांना तिचा उपयोग आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांत ‘परिशिष्ट एच’ नावाची यादी आहे. तीत समाविष्ट असलेले औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही. परंतु बाहेरून लावावयाच्या औषधांना त्यात बरीच वर्षे सूट होती आणि त्या फटीतूनच ही मलमे खुल्या विक्रीत शिरली. देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या प्रश्नावर पाठपुरावा केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडयुक्त बाह्य औषधे या यादीच्या कक्षेत आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ संमिश्र औषधांवर बंदी घालण्यात आली, त्यांत त्वचेवर लावावयाची काही मिश्रणेही होती. म्हणजे नियम झाला आहे. मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर तो पाळला जातो की नाही, हे पाहणे अन्न व औषध प्रशासनाचे काम असले तरी गावाने डोळे मिटून घ्यावेत असे नाही. शिवाय कायद्याला न दिसणारी एक वाट आहे ती घरातलीच. एकाने आणलेली ट्यूब भावजयीला, शेजारणीला, मेव्हण्याला उसनी दिली जाते. चांगल्या हेतूने केलेला हा शेजारधर्म फार महागात पडतो.

एक बादली, एक दोरी, एक टॉवेल

आता घराकडे वळू. समजा, छावणीलगतच्या एखाद्या वस्तीत दोन खोल्यांत पाच माणसांचे कुटुंब राहते. थोरल्या मुलाला नायटा झाला आहे. टॉवेल दोन, तेही दाराच्या एकाच खिळ्यावर. रात्री तिघे भावंडे एका सतरंजीवर, एका चादरीखाली निजतात. पैठणच्या नाथसागराचे पाणी शहरात येते, पण नळाला ते दिवसांच्या अंतराने येत आले आहे. त्यामुळे धुणे साठते, आणि पाणी आले की सगळ्यांचे कपडे एकाच बादलीत भिजतात. पावसाळ्यात ते घरातल्या दोरीवर वाळत पडतात आणि सकाळी दमटच अंगावर चढतात. थोरला मुलगा डॉक्टरांकडे जातो, योग्य औषध घेतो, महिन्याभरात बरा होतो. तोवर धाकट्याच्या कमरेवर कडे उमटलेले असते, आईला दोन महिन्यांपासून त्रास आहे पण ती बोललेली नाही. पुढल्या महिन्यात थोरल्याचा नायटा परत येतो आणि दोष औषधाला दिला जातो.

बहुसंख्य घरांत घडते ते हे असे. एका माणसावर उपचार करून नायटा घराबाहेर जात नाही. घरातील प्रत्येकाला, विशेषतः स्त्रियांना, आडपडदा न ठेवता विचारले पाहिजे, आणि ज्यांना ज्यांना त्रास असेल त्या सर्वांचे उपचार एकाच वेळी झाले पाहिजेत. पतिपत्नींपैकी एकालाच औषध देणे तर व्यर्थच होय. निकट शरीरसंबंधातून ही बाधा सहज संक्रमित होते.

कपड्यांच्या बाबतीत थोडे बारकाईने सांगावयास हवे. कोमट वा थंड पाण्यात साबण लावून धुतल्याने बीजाणू मरत नाहीत. उलट भिजवलेल्या इतर कपड्यांत मिसळू शकतात. साठ अंश सेल्सियसच्या आसपास तापविलेले, म्हणजे हात घालवणार नाही इतके गरम पाणी लागते. बाधित माणसाची अंतर्वस्त्रे, टॉवेल व चादर वेगळ्या बादलीत अशा पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी आणि मगच धुवावी. पाणी कमी असेल तर निदान हे तीन कपडे तरी वेगळे ठेवावे. कपडे उलटे करून उन्हात वाळवावे. शिवणी आणि कमरपट्टा येथे ओल राहते, तेथे इस्त्री फिरविली तर उत्तम. ज्या पिढ्यांनी गाद्या-गोधड्या वैशाखात उन्हात टाकण्याची रीत घालून दिली, त्यांना बीजाणू माहीत नव्हते, पण रीत चांगली होती.

करदोट्याचा प्रश्न जरा नाजूक आहे. कमरेचा करदोटा, परकराची नाडी, दंडातील ताईत यांच्या खाली घाम व त्वचेचे खवले साचतात आणि बाधा तेथे ठाण मांडून बसते. औषध लावले जाते ते करदोट्याच्या वर आणि खाली. खुद्द करदोट्यात मात्र बुरशी तशीच राहते. श्रद्धेचा भाग असल्याने तो काढून टाका म्हटले की माणसे दुखावतात. जुना करदोटा बदलून नवा, कोरडा बांधावा आणि बरे होईपर्यंत तो थोडा सैल ठेवावा, असे सुचविले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

शाळा, वसतिगृह आणि तालीम

शिक्षकांना व वसतिगृहांच्या अधीक्षकांना हा रोग इतरांच्या आधी दिसू शकतो. एखादा मुलगा वर्गात सतत मांडी खाजवतो, एखादी मुलगी बाकावर अवघडून बसते. त्यांची चेष्टा होण्यापूर्वी त्यांना बाजूला घेऊन विचारणे हे अर्धे काम होय. मुलींना शिक्षिकेने किंवा आशा स्वयंसेविकेने विचारावे. अंगावरच्या नायट्यासाठी मुलाला शाळेतून घरी पाठविण्याचे कारण नाही. उपचार सुरू असतील आणि चट्टा कपड्याखाली झाकलेला असेल तर तो वर्गात बसू शकतो. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांना भेट देणारी वैद्यकीय पथके ज्या आजारांची तपासणी करतात, त्यांत त्वचेचे बुरशीजन्य विकारही आहेत. पथक येईल त्या दिवशी अशी मुले गैरहजर राहणार नाहीत एवढे पाहावे. लाजेने नेमकी तीच मुले त्या दिवशी दडी मारतात.

डोक्यातील नायटा हा मात्र वेगळा. लहान मुलांच्या डोक्यावर केस तुटलेला, खवले सुटलेला गोल पट्टा दिसला, तर नुसते मलम लावून तो जात नाही, कारण बुरशी केसाच्या मुळाशी असते. त्यासाठी पोटात घ्यावयाचे औषधच लागते. ग्रिझिओफुल्विन हे १९३९ साली एका बुरशीपासूनच मिळालेले द्रव्य अशा नायट्यावर अद्यापि उपयोगी पडते. कंगवे, टोप्या व उशा वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि केशकर्तनाची हत्यारे प्रत्येक वेळी स्वच्छ करण्याविषयी कारागिरास सांगावे लागते.

वसतिगृहे व आश्रमशाळांत अंतर कमी आणि दोऱ्या थोड्या. येथे प्रत्येक मुलाचा टॉवेल टांगण्यास वेगळा खिळा असणे, ही खर्चाची नव्हे तर लक्ष देण्याची बाब आहे. तालमीत लंगोट, कबड्डीच्या संघात चड्डी व बनियन एकमेकांचे घालण्याची सवय मोडावी लागेल. कुस्तीत अंगाला अंग भिडतेच. ज्याच्या अंगावर ताजा चट्टा आहे त्याने बरे होईपर्यंत जोर-बैठका काढाव्यात, जोड धरू नये. पोलीस व सैनिकी प्रशिक्षण केंद्रांतही हीच गोष्ट लागू आहे. व्हिएतनामच्या युद्धात दलदलीत दिवसचे दिवस ओल्या बुटांनी वावरणाऱ्या अमेरिकी सैनिकांत त्वचेच्या बुरशीजन्य रोगांमुळे अनेकांना कामावरून दूर ठेवावे लागले होते.

बुरशी सरहद्दी जुमानीत नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधील दोन स्त्रियांना ट्रायकोफायटॉन इंडोटिनिएची बाधा झाल्याचे जाहीर केले. त्यांपैकी एकीचा त्रास बांगलादेशात असताना सुरू झाला होता. दुसरी मात्र परदेशी गेलेलीच नव्हती. युरोपातील अनेक देशांतही ही बुरशी आढळली आहे. नोकरी-शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मराठी तरुणांनी सामानात स्टेरॉइडच्या चार ट्यूब भरून नेण्याचा परिपाठ सोडलेला बरा.

तपासणी आणि उपचार

नायटा आहे की नाही, हे कळण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. चट्ट्याच्या कडेवरील खवले हलक्या हाताने खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात, आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहतात. त्वचेचे कण विरघळून पारदर्शक होतात आणि त्यांतून फांद्या फुटलेले बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात. कोणती जाती आहे हे मात्र यावरून समजत नाही. त्यासाठी बुरशी वाढवावी लागते, त्यास दोन ते चार आठवडे जातात. आणि इंडोटिनिए तिच्या भावंडांपासून वेगळी ओळखावयाची तर जनुकीय परीक्षा करावी लागते. दैनंदिन उपचारासाठी एवढे सारे लागतेच असे नाही. धागे दिसले की उपचार सुरू करता येतात.

टर्बिनाफीनला न जुमानणाऱ्या नायट्यावर डॉक्टर बहुधा इट्राकोनाझोल देतात. ते अजून बहुतेकांना लागू पडते. मात्र काही रुग्णांत त्याचाही परिणाम कमी होत असल्याचे आढळले आहे, तेव्हा हे औषध मनाने घेऊन वाया घालवणे परवडणारे नाही. हृदयविकार वा यकृताचा आजार असलेल्यांना, गर्भवती स्त्रियांना आणि इतर औषधे चालू असणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते. पूर्वीचे दोन-चार आठवड्यांचे उपचार आता अनेकांना सहा-आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ, घ्यावे लागतात. मलम केवळ चट्ट्यावर न लावता कडेच्या बाहेर दोन बोटे अंतरापर्यंत लावावयाचे, बाहेरून आत. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, सामान्यतः दोन आठवडे, चालू ठेवावयाचे. रुग्ण अपयशी ठरतात ते नेमके या शेवटच्या पंधरवड्यात. खाज गेलेली असते, पैसे संपत आलेले असतात, आणि बरे झालेल्या जागी औषध लावत बसणे अनेकांना खुळेपणाचे वाटते.

छत्रपती संभाजीनगर येथे १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या ‘घाटी’त, त्वचारोगांचा स्वतंत्र विभाग आहे. मराठवाड्याच्या अन्य जिल्ह्यांतील रुग्णही येथे येतात. परंतु प्रत्येक नायट्यासाठी घाटी गाठण्याची गरज नाही. साधा, अलीकडचा, एखाद-दुसरा चट्टा प्राथमिक आरोग्य केंद्रातही बरा होऊ शकतो. अनेक ठिकाणी पसरलेला, चेहऱ्यावर वा डोक्यात गेलेला, लहान बालकाला किंवा गर्भवतीला झालेला, अथवा एकदा उपचार पूर्ण करूनही परतलेला नायटा मात्र तज्ज्ञांकडे न्यावा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावयाचा असल्यास पावसाळ्यापूर्वीची बैठक सोयीची. एकदा श्रावण लागला की कपडे वाळवावयाची जागा शोधावी लागते.

तज्ज्ञांकडे जाताना आधी वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. कोणते मलम लावत होता, असे विचारल्यावर “पिवळ्या खोक्यातले” एवढेच बहुतेकांना सांगता येते. डॉक्टरांना मात्र त्या ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते पाहावयाचे असते.